कंटाळवाणा तिसरा तास

अमेरिकेच्या पहिल्या अणुबॉम्बमागच्या शास्त्रज्ञावरचा ख्रिस्तोफर नोलन यांचा 'ओपेनहायमर' २१ जुलै २०२३ ला आला तेव्हा मुंबईत मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले होते आणि आयमॅक्समधल्या काही खुर्च्यांचं तिकीट दोन हजारांच्या वर गेलं होतं. तीन तास, बहुतेक वेळ बंद खोल्यांत बसून बोलणारी माणसं, गाणं नाही, मारामारी नाही. अशा सिनेमासाठी आपल्याकडे एवढी झुंबड उडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण गर्दीपेक्षा मला जास्त बोलकी वाटली ती बाहेर पडणाऱ्यांची तक्रार. ती अजूनही ऐकू येते: "बॉम्ब फुटेपर्यंत जबरदस्त. पुढचा तासभर काय ती कोर्टकचेरी!"

मी पाहिला त्या खेळाला ट्रिनिटीचा, म्हणजे पहिल्या अणुचाचणीचा, स्फोट झाला, आधी ती शांतता आणि मग तो कानठळ्या बसवणारा आवाज येऊन गेला, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या कुटुंबाने पिशव्या आवरायला घेतल्या. त्यांच्या लेखी गोष्ट पुरी झाली होती. पडद्यावर लोक लाकडी फळ्यांवर पाय आपटून ओपेनहायमरचा जयजयकार करत होते, त्याला समोरच्या मुलीची कातडी सोलून निघताना दिसत होती, आणि इकडे कुणीतरी विचारत होतं, "अजून किती आहे?" अजून तासभर होता. त्यात एक कळकट खोली, एक लांब टेबल, आणि एका माणसाच्या आयुष्याची पानं त्याच्याच समोर उलटणारा सरकारी वकील.

मला विचाराल तर हा तिसरा तास हाच सिनेमा आहे. आधीचे दोन तास त्याची तयारी आहेत. आणि तो आपल्याला कंटाळवाणा वाटतो याचं कारण दिग्दर्शकाच्या कसबात कमी आणि आपल्या सवयीत जास्त आहे. शास्त्रज्ञावरचा सिनेमा म्हणजे गरीब किंवा हट्टी मुलगा, वेडी कल्पना, अपयश, मग यश आणि शेवटी तिरंगा, एवढंच आपण पाहत आलो आहोत. यश मिळाल्यावर त्या माणसाचं सरकारशी काय होतं, हे आपण विचारत नाही, आणि आपले सिनेमावाले सांगत नाहीत. सांगायला त्यांच्याकडे कागदही नसतात. या लेखाचा मुद्दा खरं तर हा शेवटचा आहे.

आधी त्या चौकशीबद्दल, कारण ती घाईत पाहिली तर खरंच कोर्टकचेरी वाटते. ते कोर्ट नव्हतंच. १२ एप्रिल १९५४ ला वॉशिंग्टनमध्ये अणुऊर्जा आयोगाच्या एका जुनाट इमारतीत तिघांचं मंडळ बसलं, अध्यक्ष गॉर्डन ग्रे. प्रश्न एवढाच होता की ओपेनहायमर यांना गुप्त माहिती पाहण्याचा परवाना पुढे ठेवायचा की नाही. आरोपी नाही, आरोपपत्र नाही, न्यायाधीश नाही. म्हणून पुराव्याचे नियमही नाहीत. सरकारी वकील रॉजर रॉब यांच्यापुढे एफबीआयच्या फायली होत्या. ओपेनहायमर यांचे वकील लॉइड गॅरिसन यांना त्या पाहायची परवानगी नव्हती. काही वेळा तर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं गेलं. म्हणजे स्वतःच्या अशिलाची चौकशी चालू असताना वकील दाराबाहेर. ओपेनहायमर आणि वकील यांची फोनवरची बोलणी एफबीआय ऐकत होतं ते वेगळंच. मंडळाने २ विरुद्ध १ आणि नंतर आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी परवाना नाकारला. आयोगाचा निकाल आला २९ जूनला. ओपेनहायमर यांचा सल्लागारपदाचा करार तसाही दुसऱ्या दिवशी संपणार होता. एक दिवस थांबले असते तर काही करायची गरजच पडली नसती. पण परवाना काढून घेणं हा हेतू नव्हता, माणसाला सर्वांदेखत उताणं पाडणं हा होता.

या खोलीत कोण काय बोललं, हे सिनेमाच्या लेखकाने मनाने रचलेलं नाही. सहकारी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांची ती जिभेवर साखर ठेवून गळा कापणारी साक्ष, पत्नी किटी ओपेनहायमरने सरकारी वकिलाला दिलेली तिखट उत्तरं, शास्त्रज्ञ मित्र आयसिडोर राबी यांचं वैतागून बोलणं, सगळं चौकशीच्या प्रतिलेखनातून, म्हणजे शब्दशः नोंदीतून, आलं आहे. ते प्रतिलेखन त्याच वर्षी, जून १९५४ मध्ये, छापून बाहेर आलं होतं. हजारेक पानांचं बाड. ते कुणी छापलं, ही यातली सर्वांत चविष्ट गोष्ट. छापण्याचा आग्रह धरला तो आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनी. म्हणजे ज्यांनी ओपेनहायमर यांना खाली खेचलं त्यांनीच. साक्षीदारांना गुप्ततेचं आश्वासन दिलेलं होतं. पण आयोगाच्या एका सदस्याचे कागद रेल्वेत विसरले गेले, ते फुटण्याआधी आपणच सगळं छापू, असं निमित्त झालं. स्ट्रॉस यांना वाटलं, एकदा हे लोकांनी वाचलं की ओपेनहायमर संपले. लोकांनी वाचलं आणि हळूहळू उलटंच झालं. पाच वर्षांनी स्ट्रॉस स्वतः मंत्रिपदाच्या मंजुरीसाठी सिनेटपुढे उभे राहिले तेव्हा ४९ विरुद्ध ४६ मतांनी पडले.

कागद सूडापोटी बाहेर आला तरी तो बाहेर आला की ज्याने काढला त्याचा राहत नाही. प्रतिलेखनातला गाळलेला मजकूर २०१४ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने खुला केला. ज्या चरित्रावर हा सिनेमा उभा आहे त्याचे एक लेखक मार्टिन शर्विन यांनी काम १९८० च्या सुमारास सुरू केलं आणि पुस्तक आलं २००५ मध्ये, काई बर्ड यांच्या जोडीने. एवढी वर्षं त्यांनी घालवली ती फायली मागण्यात, मिळालेल्या वाचण्यात आणि जिवंत साक्षीदारांना गाठण्यात. शर्विन २०२१ मध्ये गेले, सिनेमा त्यांनी पाहिला नाही. आणि १६ डिसेंबर २०२२ ला ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी १९५४ चा तो निर्णयच रद्द केला. अडुसष्ट वर्षांनी. अमेरिकन सरकारला ओवाळायची काही गरज नाही. तिथेही अन्याय आधी झाला आणि पश्चात्ताप पिढ्या उलटून गेल्यावर. पण त्या पश्चात्तापाला आधार होता तो छापील पानांचा.

सिनेमात सगळंच खरं आहे असंही नाही. वातावरण पेट घेईल का, ही शंका घेऊन सिनेमातले ओपेनहायमर आइन्स्टाइनकडे जातात, प्रत्यक्षात ते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांच्याकडे गेले होते. केंब्रिजमध्ये शिकत असताना ओपेनहायमर शिक्षकाच्या सफरचंदात विष घालतात तो प्रसंग असा दाखवायला नको होता, असं त्यांच्या नातवाने जाहीरपणे म्हटलं. या गोष्टी लोकांनी पकडल्या, त्यावर वाद घातले. हेही कागद हाताशी असल्यामुळेच जमलं.

आता आपली प्रतिक्रिया. भारतात या सिनेमावर सर्वांत मोठा गदारोळ झाला तो एका शय्यादृश्यावरून, ज्यात प्रेयसी जीन टॅटलॉक ओपेनहायमरला गीतेतली ओळ वाचायला लावते. श्रद्धा असलेल्या माणसाला ते खटकलं तर मला त्यात नवल वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही ते दृश्य बाळबोध वाटलं, विशीतल्या लेखकाला सुचावं तसं. सेन्सॉर बोर्डाने आपल्यापुरता उपाय आधीच केला होता: दुसऱ्या एका दृश्यात नायिकेच्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवला होता. एवढं करूनही गीता कशी सुटली, असा प्रश्न मग विचारला गेला. नोलन यांना जाहीर पत्र लिहून हा हिंदू धर्मावरचा हल्ला असल्याचं म्हणणाऱ्यांत पुढे होते उदय माहूरकर. ते एका संस्कृतिरक्षक संस्थेचे संस्थापक म्हणून बोलत होते, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण तेव्हा त्यांच्याकडे आणखी एक पद होतं. ते केंद्रीय माहिती आयुक्त होते.

याच्यावर दोन क्षण थांबायला हवं. माहिती आयोग हे या देशातलं असं ठिकाण आहे जिथे साधा नागरिक 'सरकार मला फाइल दाखवत नाही' अशी तक्रार घेऊन जातो. आणि समोर होता एका सरकारने उघडलेल्या फायलींतून उभा राहिलेला सिनेमा. त्यातल्या तीन तासांतून आपल्याला दिसला तो एक श्लोक, आणि तोही कुणाच्या हातात, कुठल्या अवस्थेत, एवढाच. अशा फायली आपल्याकडे कुठे आहेत, हा प्रश्न त्या आठवड्यात एकाही वाहिनीच्या चर्चेत मी ऐकला नाही.

बरं, गीतेचाच अभिमान असेल तर सिनेमात नसलेला एक प्रसंग सांगतो. एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले. बॉम्ब जिथे बनत होता त्या लॉस अलामोसला शोकसभा झाली, ओपेनहायमर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आधार घेतला तो सतराव्या अध्यायाचा: 'श्रद्धामयोऽयं पुरुषो यो यच्छ्रद्धः स एव सः'. बर्कलेला आर्थर रायडर यांच्याकडे ते संस्कृत शिकले होते, आपल्या मोटारीला त्यांनी गरुड नाव दिलं होतं, मित्रांना गीतेच्या प्रती वाटल्या होत्या. गीता त्यांच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती. ज्या माणसाने 'कर्तव्य करणाऱ्याने फळाची चिंता करू नये' याचा आधार घेऊन बॉम्ब बनवला आणि नंतर उरलेलं आयुष्य त्या फळाचीच चिंता केली, त्याच्यामुळे गीता वाचणाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. अर्जुनाने शस्त्र उचललं ते बरोबर, हे आपण लहानपणापासून ऐकतो; मग ओपेनहायमरने उचललं ते? हा वाद आपल्याकडे व्हायला हवा होता. ज्ञानेश्वरीपासून 'गीतारहस्या'पर्यंत गीतेवर एवढं लिहिलेल्या भाषेत तर नक्कीच. कर्मयोगाचा अर्थ लावण्यासाठी टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात शेकडो पानं लिहिली. आपण पलंगापाशी अडलो.

दुसरी मोठी तक्रार जास्त वजनदार आहे: हिरोशिमा-नागासाकी दाखवलंच नाही. जपानमध्ये सिनेमा आठ महिने उशिरा, २९ मार्च २०२४ ला लागला. त्याआधी त्याच दिवशी आलेला 'बार्बी' सिनेमा आणि बॉम्बचे ढग एकत्र करून जे विनोद फिरले, त्यात 'बार्बी'च्या अमेरिकी खात्यानेच हसून भाग घेतल्यावर 'बार्बी' काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या जपानी शाखेला माफी मागायची पाळी आली. काही थिएटरांच्या दारात अणुस्फोटाची आठवण करून देणारी दृश्यं असल्याच्या सूचना लावल्या होत्या. हिरोशिमाचे माजी महापौर ताकाशी हिराओका यांनी अण्वस्त्रांची भयानकता पुरेशी आली नाही असं सांगितलं. त्यांचं खरं आहे. पण सिनेमा ओपेनहायमरच्या डोळ्यांनी पाहतो, आणि हिरोशिमाच्या चित्रफितीसमोर तो डोळे फिरवतो, हे सिनेमाने दाखवलेलं आहे. प्रेक्षक म्हणून मला तिथे जे लाजिरवाणं वाटलं ते जळालेली प्रेतं पाहून वाटलं नसतं. बॉम्ब टाकायच्या शहरांच्या यादीतून क्योटोचं नाव काढताना एक मंत्री मधुचंद्राचा दाखला देतो, तेव्हा आमच्या थिएटरात बऱ्यापैकी हशा झाला. हसून झाल्यावर, आपण कशावर हसलो हे कळायला क्षणभर लागलं. तो हशाच मला हिरोशिमाबद्दल पुरेसं सांगून गेला.

मी जिथे सिनेमाला माफ करायला तयार नाही ती जागा वेगळी आहे, न्यू मेक्सिको. सिनेमातला ओपेनहायमर सांगतो की लॉस अलामोसच्या पठारावर मुलांची एक शाळा आहे आणि मूळ रहिवासी अंत्यविधीला येतात, बाकी काही नाही. बाकी होतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणारी हिस्पॅनिक शेतकरी कुटुंबं होती, त्यांना उठवलं गेलं. आणि १६ जुलै १९४५ च्या पहाटे जिथे स्फोट झाला त्याच्या दीडशे मैलांच्या परिघात सुमारे पाच लाख माणसं राहत होती. कुणाला सूचना नव्हती, कुणाला हलवलं नव्हतं. राख त्यांच्या छपरांवर पडली, छपरांवरचं पाणी ते हौदात साठवून पीत. १९९० साली अमेरिकेने किरणोत्सर्गाच्या बळींना भरपाई देणारा कायदा केला. त्यात नेवाडातल्या चाचण्यांच्या वाऱ्याखाली आलेले लोक बसले, पण जगातल्या पहिल्या अणुस्फोटाच्या वाऱ्याखाली आलेले न्यू मेक्सिकोचे लोक बसले नाहीत.

मला सर्वांत आवडलेली प्रेक्षक-प्रतिक्रिया या लोकांची आहे. तुलारोसा खोऱ्यातल्या संघटनेने सिनेमावर बहिष्कार मागितला नाही, दृश्य कापा म्हटलं नाही. सिनेमामुळे कॅमेरे आपल्याकडे वळले आहेत एवढं ओळखून त्यांनी कॅन्सरने गेलेल्या माणसांच्या याद्या आणि जुनी मागणी पुढे केली. सिनेमा लागल्यापासून आठवडाभरात, २७ जुलै २०२३ ला, सिनेटने त्यांना कायद्यात घेणारी दुरुस्ती ६१ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर केली. डिसेंबरात ती गाळली गेली. मार्च २०२४ मध्ये सिनेटने पुन्हा मंजूर केली, प्रतिनिधीगृहात अडली. अखेर जुलै २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोचा कायद्यात समावेश झाला. सिनेमानेच हे घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, ते लोक दोन दशकं लढत होते. पण दुखावलेल्या प्रेक्षकाने काय करावं याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही. आपल्याकडे तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. उद्या भारतीय अणुकार्यक्रमावर भव्य सिनेमा निघाला तर त्यातही पश्चिम किनारा मोकळाच दिसेल, अशी मला खात्री आहे.

तसे सिनेमे आणि मालिका आपल्याकडे निघू लागले आहेत. २०२२ मध्ये 'रॉकेट बॉइज' आली, होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावर. देखणी मालिका, जिम सर्भचा भाभा तर झकासच. पण नायक उजळायला खलनायक लागतो, म्हणून तिथे रझा मेहदी नावाचा एक मत्सरी शास्त्रज्ञ आणला गेला. हा माणूस इतिहासात नाही. त्याच्यात मेघनाद साहांची छाया आहे हे अनेक समीक्षकांनी दाखवून दिलं. आणि साहांची खरी गोष्ट मत्सराच्या गोष्टीपेक्षा शतपट रंजक आहे.

ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा मुलगा, जातीमुळे वसतिगृहात अपमान सोसलेला, १९२० साली ताऱ्यांचं तापमान आणि वर्णपट यांचं नातं सांगणारं समीकरण मांडून जगभर गाजलेला. १९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आले. भाभांच्या अणुकार्यक्रमाशी त्यांचं भांडण होतं ते आधी काय उभारायचं आणि किती लपवायचं यावरून. आधी माणसं तयार करा, उद्योग उभा करा, विद्यापीठांना यात घ्या, असं ते म्हणत. १९४८ चा अणुऊर्जा कायदा मांडला गेला तेव्हा कृष्णमूर्ती राव या सदस्याने विचारलं होतं की आपण शांततेसाठी अणुऊर्जा वापरणार म्हणतो, मग आपल्या कायद्यात ब्रिटिश आणि अमेरिकन कायद्यांपेक्षा जास्त गुप्तता कशासाठी? शांततेचा वापर आणि युद्धाचा वापर वेगळे काढता येत नाहीत, अशा आशयाचं उत्तर नेहरूंनी दिलं. हाच विषय घेऊन साहा मे १९५४ मध्ये लोकसभेत उभे राहिले.

मे १९५४. वॉशिंग्टनमधल्या त्या खोलीत ओपेनहायमर यांची चौकशी ६ मे रोजी संपली. त्याच महिन्यात दिल्लीत एक भौतिकशास्त्रज्ञ आपल्या सरकारला विचारत होता की ही गुप्तता कुणाच्या भल्यासाठी आहे. यापेक्षा नाट्यमय योगायोग पटकथाकाराला आणखी काय हवा? पण आपण तो फेकून दिला आणि त्याजागी एक काल्पनिक मत्सरी माणूस बसवला. कारण प्रामाणिक मतभेद असलेले दोन मोठे शास्त्रज्ञ दाखवले तर प्रेक्षक गोंधळेल, टाळी कुणासाठी वाजवायची ते त्याला कळणार नाही, असं आपले निर्माते धरून चालतात. 'कोर्टकचेरी' म्हणून पिशव्या आवरणारे आपण त्यांचं म्हणणं खरं करतो.

२०२२ मध्येच आलेल्या 'रॉकेट्री' या सिनेमाचं उदाहरण तर ओपेनहायमरच्या फारच जवळचं आहे. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ३० नोव्हेंबर १९९४ ला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे ठरवले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई आणि कुणी अडकवलं हे पाहायला न्या. डी. के. जैन यांची समिती दिली. सिनेमाच्या शेवटी खुद्द नंबी नारायणन पडद्यावर येतात आणि थिएटर ओलं होतं. माझेही डोळे भरले. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्याभोवती चर्चा मात्र झाली ती मंगळयानाला पंचांगाची मदत झाली या आर. माधवनच्या विधानाची, ज्यावर त्याने नंतर स्वतःच आपलं अज्ञान कबूल केलं. आणि जैन समितीचा अहवाल? तो बंद लिफाफ्यात न्यायालयाला सादर झाला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने तो सीबीआयकडे पाठवला आणि जाहीर न करण्यास सांगितलं. पुढे गुन्हा नोंदला, २०२४ मध्ये काही माजी पोलीस अधिकाऱ्यांवर आरोपपत्रही दाखल झालं. तपास बिघडू नये म्हणून अहवाल झाकला हे कारण समजण्यासारखं आहे. पण रडून बाहेर पडलेल्या एवढ्या प्रेक्षकांपैकी 'तो लिफाफा कधी उघडणार?' असं कितीजणांनी विचारलं? आपल्याला अन्यायावर रडायला आवडतं. अन्याय करणाऱ्यांची नावं आणि त्यांनी फायलीवर मारलेले शेरे पाहायला मात्र तिसऱ्या तासाची चिकाटी लागते.

कुणी म्हणेल, माणूस शनिवारी संध्याकाळी बायकापोरांना घेऊन करमणुकीला जातो, त्याच्यावर अभिलेखागारांचं ओझं कशाला? ठीक. पण तोच माणूस संभाजी महाराजांवरचा सिनेमा पाहून आला की बखरी, जेधे शकावली, कोण कुणाचा मेहुणा, फितुरी कुणाची, यावर रात्री दोनपर्यंत भांडतो. मोडी वाचणाऱ्यांना आपल्याकडे अजून मान आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत ते याच महाराष्ट्रात. सतराव्या शतकातल्या कागदासाठी आपला जीव तुटतो. १९५४ च्या किंवा १९७४ च्या कागदाबद्दल मात्र आपण म्हणतो, जाऊ दे, सरकारी मामला आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने पंचवीस वर्षांवरचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जाण्याची वाट घालून दिली आहे. अणुऊर्जेसारख्या खात्यांतून ती वाट फारशी मळलेली नाही, आणि १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखायचे भरपूर अधिकार सरकारच्या हाती ठेवले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं स्वतःचं अभिलेखागार आहे, बंगळुरूत एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेने शास्त्रज्ञांच्या खासगी कागदांसाठी चांगलं दालन उभं केलं आहे. ही मोठी कामं आहेत. पण ती संस्थांची आणि काही चिवट माणसांची आहेत, राज्याने उघडलेली दप्तरं नव्हेत.

मराठी निर्मात्याला शास्त्रज्ञावर सिनेमा करायचाच असेल तर विषय घरातच आहे: दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबें गावात १९०७ साली जन्म, हार्वर्डचं शिक्षण, पुण्यात घर आणि डेक्कन क्वीनने मुंबईची ये-जा. भाभांनीच त्यांना १९४५ मध्ये टाटा संस्थेत आणलं. हाडाचे गणिती, पण नाणी तोलली, लेणी धुंडाळली, प्राचीन भारताचा इतिहास नव्याने मांडला. आणि १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. आता हे पाहा: ट्रिनिटीच्या दोन रात्री आधी, वाळवंटात, ओपेनहायमर यांनी अमेरिकेच्या युद्धकालीन संशोधनाचे प्रमुख व्हॅनिव्हर बुश यांना संस्कृतातून भाषांतरित केलेल्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या. त्या गीतेच्या नव्हत्या, भर्तृहरीच्या होत्या. 'वने रणे शत्रुजलाग्निमध्ये महार्णवे पर्वतमस्तके वा', पूर्वी केलेली पुण्यं माणसाला राखतात, तो श्लोक. आणि कोसंबी १९४८-४९ च्या अमेरिका दौऱ्यात प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत जाऊन आइन्स्टाइनना भेटले, तिचे संचालक तेव्हा ओपेनहायमरच होते.

पुढे कोसंबी शांतता चळवळीत गेले. अणुऊर्जा भारतासाठी महाग आणि गैरसोयीची आहे, इथे सूर्य फुकट तळपतो आहे, त्याच्यावर काम करा, असं ते सांगत राहिले, आणि तेही भाभांच्या संस्थेत नोकरी करत असताना. भाभा तेव्हा ज्या वाटेवर होते ती पुढे कुठे निघाली ते त्यांच्या ऑक्टोबर १९६४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात दिसतं. तिथे त्यांनी दहा किलोटनी स्फोटाला साडेसतरा लाख रुपये लागतील, असा आकडा ऐकवला. कोसंबी तोवर संस्थेबाहेर पडले होते. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

मात्र कोसंबींची आरती करणारा सिनेमा मला नको. त्यांनी गणितातल्या आजवर न सुटलेल्या रीमान गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला होता. तो टिकला नाही, आणि त्यामुळे गणितज्ञांत त्यांची पत घसरली हे खरं आहे. स्वभाव तिखट, सहकाऱ्यांशी जमवून घेणं अवघड. करार न वाढवण्यामागे हे किती होतं आणि अणुऊर्जेवरची टीका किती, यावर आजही दोन मतं आहेत. मीरा कोसंबींनी वडिलांबद्दल पुष्कळ साहित्य गोळा करून ठेवलं आहे, पत्रव्यवहारातलंही काही उजेडात आलं आहे. पण सरकारच्या बाजूने अणुऊर्जा खात्यात त्यांच्या नावाने काय लिहिलं गेलं, कुणी कुणाला काय सुचवलं, ते पान कुणी मागितलं पाहिजे. तोवर पटकथाकाराला तो प्रसंग कल्पनेनेच लिहावा लागेल, आणि मग भाभा खलनायक होतील किंवा कोसंबी विक्षिप्त म्हातारा. दोघांचेही चाहते रागावतील, आणि दोघांपैकी कुणाचंही चुकलं म्हणायला आपल्याकडे पुरावा नसेल.